तीन लाख आज्ञांऐवजी एक आज्ञा : एक आभारपत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या रेप्लिकेशनसाठी, म्हणजे एका सर्व्हरवरचे बदल दुसऱ्या सर्व्हरवर उतरवण्याच्या व्यवस्थेसाठी, आपण दिलेल्या वेळाबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे पत्र.

महिनाअखेरीस थकबाकीची फेरमांडणी करणारी आमची स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला आज्ञांचा संच) पब्लिशरवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, काही मिनिटांत संपत असे. बदल स्वीकारणारा सबस्क्रायबर मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मागेच राहत असे. आम्ही नेटवर्कला आणि डिस्कला दोष देत बसलो होतो. आपण सरळ डिस्ट्रिब्यूशन डेटाबेसमध्ये, म्हणजे बदल पुढे पाठवण्याआधी जिथे थांबतात तिथे, साठलेल्या आज्ञा मोजायला लावल्या आणि कारण समोर आले : प्रोसिजरमधील एका अपडेटने ३ लाख ओळी बदलल्या, की लॉग रीडर एजंट व्यवहार नोंदवहीतून ३ लाख स्वतंत्र आज्ञा उचलतो आणि डिस्ट्रिब्यूशन एजंट त्या पलीकडे एकेक करून लागू करतो. प्रोसिजरची अंमलबजावणी हीच आर्टिकल (पलीकडे पाठवायचा घटक) म्हणून प्रकाशित केली, तर ओळींऐवजी फक्त तिचे नाव आणि पॅरामीटर्सची मूल्ये जातात, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते.

तरीही माझी खरी कृतज्ञता त्यापुढच्या गोष्टीसाठी आहे. उपाय कळताच मी घाईने ‘प्रॉक एक्झेक’ (प्रोसिजरची प्रत्येक हाक, म्हणजे ती चालवण्याची आज्ञा, जशीच्या तशी पुढे पाठवणे) हा प्रकार निवडला होता आणि आपण मला तिथेच थांबवले. आमची प्रोसिजर आधी थकलेली खाती निवडते आणि नंतरच्या विधानात त्यांवर व्याज लावते. ‘रीड कमिटेड’ या नेहमीच्या आयसोलेशन पातळीवर (एकाच वेळी चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे, ती पातळी) या दोन विधानांच्या मध्ये एखाद्या खात्याचा भरणा येऊन कमिट, म्हणजे कायम, झाला, तर पब्लिशरवरील निवडीला तो दिसलेला नसतो; सबस्क्रायबरवर मात्र व्यवहार कमिटच्या क्रमाने लागू होत असल्यामुळे भरणा आधी पोहोचतो आणि तेच खाते निवडीतून गळते. दोन्ही बाजूंना कोणतीही चूक न दाखवता आकडे वेगळे होतात, आणि अशी तफावत शोधण्यासारखे कंटाळवाणे काम आमच्या व्यवसायात दुसरे नसावे. ‘सिरियलायझेबल प्रॉक एक्झेक’ निवडल्यास प्रोसिजर सिरियलायझेबल व्यवहारात (वाचलेल्या ओळी व्यवहार संपेपर्यंत लॉक करून ठेवणाऱ्या सर्वांत कडक पातळीवर) चालली असेल तरच तिची हाक पुढे जाते, अन्यथा नेहमीप्रमाणे ओळींचे बदल जातात, हे आपण समजावून सांगितले. (पहिल्या महिन्यात प्रोसिजर ठरल्या वेळी चालवणाऱ्या जॉबमध्ये ही आयसोलेशन पातळी बदलायला मीच विसरलो, आणि वेग तसूभरही न वाढल्याने नाराज होऊन आपल्याला फोन केला, हेही येथे मान्य करतो.) या लॉकमुळे भरण्यांना थोडा वेळ थांबावे लागते, म्हणून जॉब आता वर्दळ नसलेल्या वेळी चालतो.

प्रोसिजरमधल्या ‘गेटडेट’ या चालू तारीख-वेळ देणाऱ्या फंक्शनकडेही आपलेच लक्ष गेले. प्रोसिजर सबस्क्रायबरवर पुन्हा चालणार म्हणजे तारीखही तिथे नव्याने घेतली जाणार, आणि मध्यरात्र उलटली असेल तर व्याजात एका दिवसाचा फरक पडणार. आता तारीख आम्ही पॅरामीटर म्हणून बाहेरून देतो. ‘एक्सॅक्ट अबॉर्ट’ (XACT_ABORT, त्रुटी येताच अख्खा व्यवहार मागे घेणारी सेटिंग) चालू ठेवण्याचा आपला आग्रह मला आधी अतिरेकी वाटला होता. ही सेटिंग बंद असताना पब्लिशरवर आलेली त्रुटी सबस्क्रायबरवरही तशीच येऊन डिस्ट्रिब्यूशन एजंट बंद पडतो, आणि चालू असेल तर संपूर्ण अंमलबजावणी मूळ जागीच मागे घेतली जाते, हे चाचणी सर्व्हरवर मुद्दाम त्रुटी घडवून पाहिल्यावर माझी शंका फिटली.

गेल्या महिनाअखेरीस सबस्क्रायबर पब्लिशरच्या मागोमाग काही मिनिटांत पूर्ण झाला आणि दोन्हीकडच्या बेरजा जुळल्या. जुन्या नोंदी काढून टाकणारी प्रोसिजर मात्र मी अजून या यादीत घातलेली नाही, कारण तिच्या टेबलातील निवडक ओळीच सबस्क्रायबरकडे जातात आणि अशा ठिकाणी तीच हाक दोन वेगळ्या संचांवर चालेल, ही आपली सूचना माझ्या लक्षात आहे.

आपला कृतज्ञ,
एक डेटाबेस प्रशासक