गरम खोलीतला योग आणि बाकी खुशाली

टोरंटो
रविवार, फेब्रुवारी

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आईने मला बोलूच दिलं नाही. “चाळीस डिग्रीत कोंडून घेऊन व्यायाम? वेड लागलंय का तुला?” एवढं म्हणून फोन बाबांच्या हातात, आणि बाबांनी “ठीक आहेस ना? मग झालं” म्हणून ठेवूनच दिला. म्हणून लिहून पाठवतेय. मीनलला प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, म्हणजे बाबांना मोबाइलवर डोळे ताणायला नकोत. (मीनल, तू आधी वाचणार हे मला माहीत आहे. तुझं उत्तरही यातच आहे.)

पहिलं म्हणजे माझी तब्येत उत्तम आहे. जेवण, ऑफिस, घरमालकीणबाई, सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच चालू आहे. थंडी आहे, पण फेब्रुवारीत ती असायचीच. जाड कोट आहे, मोजे आहेत, आईने दिलेली कानटोपीही घालते. हो, खरंच घालते.

आता ते हॉट योगाचं. मी लपवलं नव्हतं, विषय निघाला नव्हता. मीनलने तुम्हाला नाव सांगितलं, तिथला फॉर्म वाचून दाखवला आणि उरलेलं तुम्ही मनानेच भरलंत. नीट सांगते.

इथे बाहेर उणे बारा असताना माणसं पैसे भरून गरम खोलीत घाम गाळायला येतात. ऑफिसातली एक मैत्रीण जाते, तिने नेलं. बूट-मोजे बाहेर काढायचे, फोन बाहेरच ठेवायचा. आत प्रत्येकाची आपली रबराची मॅट, मॅटवर टॉवेल. टॉवेल सक्तीचा, कारण थोड्याच वेळात घाम टपटप गळायला लागतो आणि पाय सटकतात. समोर भिंतभर आरसा. आणि कोणी बोलत नाही. म्हणजे बोलायचंच नाही, असा नियम. लोक तासाच्या आधी येतात, मॅट टाकतात आणि उताणे पडून राहतात. शेजारी पडलेल्या बाईला “कुठे राहता” म्हणून विचारायची सोय नाही. आपल्याकडे दोन बायका एका खोलीत अशा गप्प पडलेल्या दिसल्या तर काहीतरी बिनसलंय असंच धरतील. मध्येच उठून बाहेर जाणंही यांना आवडत नाही. चक्कर आली तर खाली बसा, आडवे व्हा, पण खोलीत राहा. नवीन माणसाला पहिल्या दिवशी सांगतात की आसनं जमली नाहीत तरी चालेल, तासभर आत टिकलात तरी पुष्कळ. पैसे भरून नुसतं टिकायचं, हे मला पहिल्यांदा पचलंच नाही.

पण आई, दाराला कुलूप नसतं. कोणी कोंडत नाही. मी पहिल्यापासून दाराजवळची जागा धरते. फटीतून जरा गार हवा येते आणि बाहेर पडायचं झालं तर कोणाची मॅट तुडवावी लागत नाही. लोक बघतात. बघू देत.

ही उष्णता पुण्याची नाही. आपला एप्रिल कोरडा असतो, घाम आला कधी आणि वाळला कधी कळत नाही. इथे ४० अंश आणि वर ४० टक्के दमटपणा मुद्दाम राखतात. मे महिन्यात चिपळूणला दुपारी लाइट गेल्यावर मामाच्या माजघरात जसं व्हायचं, अगदी तसं. फरक इतकाच की तिथे आपण पन्हं पीत आडवे पडायचो आणि इथे एका पायावर उभं राहून गरुडासन करायचं.

बाबा, यात एक तुमच्या आवडीची केस आहे. इतकी वर्षं शिवाजीनगर कोर्टात काढलीत, तुम्हाला मजा वाटेल. हा प्रकार अमेरिकेत रुजवला तो कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी. सव्वीस आसनं, दोन श्वसनाचे प्रकार, दीड तास, क्रम ठरलेला. मग ते म्हणायला लागले की हा क्रम माझ्या मालकीचा, दुसऱ्या कोणी शिकवायचा नाही, आणि लोकांना कोर्टात खेचू लागले. २०१५ साली तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की आसनांचा क्रम ही आरोग्यासाठीची एक पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट लागत नाही. पुस्तक लिहिलंत तर पुस्तकावर हक्क, आसनांवर नाही. पुढे बायकांनी त्यांच्यावर फार गंभीर आरोप केले, लाखो डॉलर्सची भरपाई द्यायचा निकाल लागला आणि ते अमेरिका सोडून गेले. तेव्हापासून बऱ्याच ठिकाणी पाट्यांवरून त्यांचं नाव उतरलं. आसनं मात्र तीच आणि खोलीही तेवढीच गरम. मी जाते तिथेही पाटीवर नुसतं “हॉट योगा” आहे, आणि शिकवते ती बाई आहे. आईने हे विचारायच्या आधीच सांगून ठेवते.

आई, आता तुझा मुद्दा. तू म्हणशील, मॉडेल कॉलनीत अय्यंगार इन्स्टिट्यूट घरापासून चालत असताना माझी मुलगी कॅनडात जाऊन हे काय शिकतेय. तुझं चुकत नाही. तुमच्याकडे त्रिकोणासनात हात जमिनीला पोचला नाही तर लाकडी वीट देतात, पट्टा देतात, भिंतीवरचे दोर असतात, आणि बाई येऊन नेमका कुठला गुडघा वळलाय ते बोटाने दाखवतात. इथे वीट नाही, पट्टा नाही. शिकवणारी पुढे चौथऱ्यावर उभी राहून अखंड बोलत असते, स्वतः एकही आसन करून दाखवत नाही. आपण आरशात बघून आपलं आपण सुधारायचं. “गुडघा लॉक करा, लॉक करा” असं इतक्या वेळा म्हणते की तुझ्या बाईंनी ऐकलं असतं तर तिला बाहेर बाकावर बसवली असती. गुडघा मागे ढकलायचा नाही, मांडी वर खेचायची, हे मला तुझ्यामुळे माहीत होतं. बाकीच्यांना कोण सांगणार?

खरा धोका तोच आहे, आणि तो घामाचा नाही. उष्णतेने अंग सैल पडतं. पश्चिमोत्तानासनात मी घरी कधी वाकले नाही इतकी तिथे वाकते आणि क्षणभर वाटतं, वा, जमलं! जमलेलं काही नसतं. स्नायू ऊबेने सैल झालेला असतो, आणि कुठे थांबायचं हे सांगणारी कळच येईनाशी होते. ती येते दुसऱ्या दिवशी, ऑफिसच्या खुर्चीत. म्हणून मी जेवढं गार खोलीत वाकता येतं तेवढंच गरम खोलीतही वाकते. शिकवणारीला ते आळशीपणाचं वाटतं बहुतेक. वाटू दे.

आणि तो फॉर्म. मीनलने तो तुम्हाला वाचून दाखवायला नको होता. इथे पोहायला, बर्फावर घसरायला, कुठेही गेलं तरी आधी लिहून द्यावं लागतं की मला काही झालं तर मी तुमच्यावर दावा लावणार नाही. त्यात हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण असं सगळं विचारतात. ते वाचून तुला वाटलं की तिथे रोज एक माणूस उचलून नेतात. तसं नाही. पण उगाच विचारतात असंही नाही. अमेरिकेत एका चाचणीत सराव असलेल्या लोकांच्या अंगातलं तापमान दीड तासाच्या वर्गात मोजलं, तर काहींचं ३९ च्या वर गेलं आणि एकाचं ४० ओलांडून. ताप म्हणून एवढा आकडा घरच्या थर्मामीटरमध्ये दिसला असता तर तू मला रिक्षात घातलं असतंस. म्हणून मी सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहते, तासाच्या आधी तीनेक तास पोटभर जेवत नाही, नंतर मीठ-साखर-लिंबू घेते आणि डोकं जड वाटलं की सरळ शवासनात जाते. सर्दगर्मीचं म्हणशील तर केस पूर्ण वाळवून, कपडे बदलून, लॉबीत थोडं बसूनच बाहेर पडते. ओले केस घेऊन बाहेर गेलं तर ते काडीसारखे ताठ होतात, इथल्या मुली त्याचे फोटो काढतात. मी काढले नाहीत.

मीनल, बाणेरच्या त्या नवीन हॉट योगा स्टुडिओत जाऊ का, असं विचारलं होतंस. तुला पाठीसाठी हवंय ना? मग गरम खोली लागतेच असं नाही. टेक्सासमधल्या संशोधकांनी हीच आसनं बारा आठवडे एका गटाला ४०.५ अंशांत करायला लावली आणि दुसऱ्या गटाला २३ अंशांत. २०१८ साली निष्कर्ष छापून आला: रक्तवाहिन्यांना झालेला फायदा दोन्हीकडे सारखाच. म्हणजे जे काय होतं ते आसनांनी होतं, हीटरने नाही. घामातून “टॉक्सिन” जातात वगैरे तिथला माणूस सांगेल, ते ऐकून सोडून दे, त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. एवढं असूनही जाऊन बघावंसं वाटत असेल तर जा, तुझं वय आहे, तब्येत धड आहे. पण महिन्याचे पैसे एकदम भरू नकोस, एकच तास घे, तोही कमी तापमानाचा असला तर बरा, आणि आधी महिनाभर साध्या खोलीत आसनं शिकून घे. अंगाला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतातच. मार्च उलटला की मात्र नको गं. तेव्हा गच्चीवर फुकट आहे.

आई, तू मात्र नाही. हौसेने सुद्धा नाही. तुझ्या बीपीच्या गोळीत लघवी जास्त व्हायचं औषध आहे, त्यात असा घाम गाळला तर बीपी एकदम खाली येऊन पडशील. मीनल सोबतीला चल म्हणाली तरी जायचं नाही. तू आपली तुझ्या दोरांवर बरी.

आता तू विचारशीलच की एवढं सगळं कळतं तर मी कशाला जाते. सांगते. डिसेंबरपासून इथे पाच वाजता अंधार पडतो. ऑफिसातून घरी आलं की खिडकीत बघण्यासारखं काही नसतं, आणि खोलीत हीटर असला तरी पाठ गार ती गारच. त्या तासानंतर हाडांपर्यंत ऊब येते आणि रात्री गाढ झोप लागते. म्हणजे आधी लागत नव्हती असं नाही, आधीही लागायची. जास्त चांगली लागते, एवढंच. शिवाय कोणी बोलत नसलं तरी वीस-पंचवीस माणसांचा श्वास ऐकू येतो. बरं वाटतं. यावरून आता काही काढत बसू नका.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन मार्चमध्येच करून घ्या, माझ्यासाठी थांबू नका. मी मेमध्ये येईन म्हणाले होते, ते होत नाही. वर्क परमिटचा अर्ज आत पडलाय, तो हातात यायच्या आत देश सोडला तर परत येताना कटकट होते, असं इथल्या सगळ्यांनी सांगितलं. मी विमानाची तिकिटं बघून ठेवली होती. असो. ईशानच्या मुंजीला मी नाही, हे दादाला मी स्वतः फोन करून सांगणार आहे, तुम्ही आधी सांगू नका. आत्याचा जो काय मान असेल तो मीनलला द्या, ती तो माझ्यापेक्षा ठसक्यात घेईल. भिक्षावळीत माझ्या नावाने काय घालायचं ते वहिनीशी बोलून ठेवलंय, पैसेही तिच्याकडे पाठवलेत. आणि व्हिडिओ कॉल पंगत बसल्यावर लावू नका, मुहूर्ताच्या वेळी लावा. इथे मध्यरात्र असेल, पण मी जागी राहीन.

कोथरूडच्या स्थळाबद्दल. मुलगा वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. आई म्हणते मी टाळतेय. टाळत नाही, पण त्याच्या आईला “मुलगी मेमध्ये येतेच आहे” असं तू सांगून बसली आहेस, ते आधी दुरुस्त कर. हिंजवडीची नोकरी सोडून तो इकडे येणार, की मी तिकडे यायचं, हे पत्रिकेच्या आधी बोलायला हवं. त्याला माझा नंबर दे, आम्ही बोलू. त्याच्या मावशीला देऊ नकोस.

कर्जाचा हप्ता या महिन्यात मी भरला आहे, दादाने भरू नये. बाबांच्या ऑपरेशनसाठी वेगळे पैसे त्यांच्या खात्यात टाकलेत. चांगली लेन्स घ्या, स्वस्तातली नको. “आम्हाला पेन्शन आहे” म्हणून मागच्यासारखे परत पाठवू नका. पाठवलेत तर मी पुन्हा पाठवीन, आणि दोन्ही वेळचं बँकेचं कमिशन तुमच्या नावावर मांडीन.

आजीला सा. न. ईशानला पापा.

तुमची,
गौरी

ता. क. आजीला गरम खोलीचं काही सांगू नका. विचारलंच तर सूर्यनमस्कार घालते म्हणा.