संज्या, बी तुझं चांगलं होतं

निफाड, 29 जानेवारी

प्रिय संज्या,

"पत्र्यावर वाळवून बी भाजलंस लेका," असं तुला फोनवर म्हणालो त्याला 19 दिवस झाले. तेव्हापासून तुझा फोन नाही आणि मलाही तोंड नाही. तर आधी कबुली: बी तुझं चांगलं होतं. हे वाक्य आक्कांना मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल.

आमच्याकडे सगळे बरे. माझा खोकला गेला.

आता मिरची. 98 कप्प्यांचा ट्रे, 26 डिसेंबरला तुझी संकेश्वरी टोकली, पंधरा दिवसांत उगवली 29. तुझ्यावर ओरडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी ते केलं जे आधीच करायला हवं होतं. आगपेटीच्या काडीने मुके कप्पे उकरले आणि बी चिमटीत दाबून पाहिलं. बी सापडलंच नसतं तर मुंग्या किंवा उंदीर. कोरडं, न फुगलेलं निघालं असतं तर वरचा थर सुकला. मोड फुटून आतच वेडावाकडा झाला असता तर खोल पडलं. माझं बहुतेक बी फुगलेलं, टणक, मोडाचा पत्ता नाही. आठ-दहा बिया करड्या पडलेल्या, दाबलं की चिकट रस आणि कुजका वास. म्हणजे बी पाणी प्यायलं आणि थंडीत गारठून बसलं, त्यातलं थोडं कुजायला लागलं.

तरी माझा संशय तुझ्यावरच! म्हणून त्याच पाकिटातल्या 100 बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळल्या, झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या मागे उबेला ठेवल्या. फडकं ओलसर, पण पिळलं तर थेंब पडणार नाही इतपत. नवव्या दिवशी 86 मोड. प्रमाणित बियाण्याला मिरचीत किमान उगवण 60 टक्के लागते, तुझं घरचं बी त्याच्या कितीतरी वर. गप्प बसलो.

त्या दिवसांतच ट्रेच्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, थर्मामीटरही खुपसला होता. पहाटे सहाला 12 अंश, दुपारी दोनला 23. मिरचीला 25 ते 30 लागतं. 28च्या आसपास आठ-दहा दिवसांत डोकं वर काढते, 20ला दोन आठवड्यांच्या आसपास घेते, 15च्या खाली जवळपास हलतच नाही. निफाडची थंडी मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? पण मी हवेचा आकडा बघत बसलो, बी ज्यात पडलंय त्याचा नाही. त्यात भर म्हणजे सकाळी सातला टाकीतलं बर्फासारखं पाणी झारीने देत होतो. कोकोपीट कायम थबथबलेलं, आत हवा नाही. थंड आणि चिंब, दोन्ही एकदम. कुजायला आणखी काय हवं?

14 जानेवारीला नवा ट्रे भरला. कोकोपीटच्या पाच किलोच्या दाबलेल्या विटेला 25 लिटरच्या आसपास पाणी, फुलली की मूठभर घेऊन दाबायचं: बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब दिसावा, धार लागली तर पसरून सुकू द्यायचं. बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं, उपसून सावलीत सुकवलं, मग ट्रायकोडर्मा (कुज रोखणारी उपयोगी बुरशी) चोळलं. खोली अर्धा सेंटिमीटर. (हो, कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तू पहिल्या पेरापर्यंत बोट खुपसून बी पेरलं होतंस आणि उगवलं नाही म्हणून माझ्या झारीला दोष दिला होतास. ते मी विसरलेलो नाही, हिशेब बरोबर.) ट्रे काळ्या प्लॅस्टिकने झाकून जुन्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात 40 वॅटचा पिवळा बल्ब, प्लॅस्टिकपासून हातभर लांब. कोकोपीट 27-28वर राहिलं. सहाव्या दिवसापासून रोज दोनदा उघडून बघायचं, कारण पहिली डोकी दिसली की त्याच दिवशी ट्रे उजेडात. एक रात्र चुकली तर रोपं लांबोडी, पांढुरकी होऊन आडवी पडतात. परवापर्यंत 98 पैकी 83 वर. काहींच्या डोक्यावर बीची टोपी अडकलीय, ती ओढायची नाही. संध्याकाळी कोमट पाण्याचा फवारा मारला की सकाळपर्यंत बहुतेक सुटतात.

एक मात्र तुलाही सांगतो. तू मे महिन्यात रोपं टाकशील तेव्हा हाच काळा कागद उन्हात पसरू नकोस. आत 40च्या वर जातं आणि तेव्हा बी खरंच भाजतं.

तुझा गुडघा कसा आहे? पोरीची दहावी आहे, तिला त्रास देऊ नकोस. रव्याच्या जमिनीचं काय झालं ते लिही. तो मला काही सांगत नाही.

आणि आणखी दहा ग्रॅम बी पाठव. पाकिटावर या वेळी मिरची कधी फोडली ती तारीख टाक. मागच्या पाकिटावर नुसतं "बाळ्यासाठी" लिहिलं होतंस.

तुझा,
बाळ्या