कांदा चाळीतली हवाही मोजा : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरतो आणि दिवाळीपर्यंत भावाची वाट बघतो. गेल्या वर्षी जुलैत आठ दिवस झड लागली. ओल नको म्हणून चाळीच्या दोन्ही बाजूंना ताडपत्र्या सोडून बांधून टाकल्या. नवव्या दिवशी वर केल्या तर वास आला. वरचा थर कोरडा, सोनेरी. कोपरापर्यंत हात खाली घातला तर बोटांना चिकट पाणी लागलं.

कांदा चाळीतही श्वास घेतो, त्यातून ऊब आणि वाफ सुटते. ताडपत्रीनं पाऊस अडवला आणि ती वाफही आत कोंडली. साठवणीतल्या कांद्याला 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. हवा त्याहून कोरडी झाली की वजन घटतं, दमट झाली की काजळी म्हणजे काळी बुरशी धरते, सड लागते. हे आकडे आम्हाला पाठ आहेत. पण त्या आठ दिवसांत माझ्या चाळीत आर्द्रता किती होती, हे सांगणारं काहीच नव्हतं. महावेध या सरकारी प्रकल्पाचं हवामान केंद्र महसूल मंडळात एक. ते उघड्यावरची हवा मोजतं, ताडपत्रीआडची नाही.

यंदा दोन आर्द्रता मीटर आणले. त्यातला एक चुकीचा निघाला. मीठ थोड्या पाण्यात ओलसर केलं, खडे दिसत राहतील इतकंच, आणि वाटी मीटरसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवली. अशा डब्यात आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. एकानं 74 दाखवली, दुसऱ्यानं 61. त्या 61वर विसंबून मी ताडपत्री बांधूनच ठेवली असती! सेन्सरचा पातळ थर हवेतला ओलावा शोषतो, त्यावरून आकडा निघतो. त्यावर धूळ बसली तरी आकडा भरकटतो. चाळीत तर टरफलांची धूळ कायमचीच.

साहेब, अनुदानासाठी आमच्या चाळीची लांबी-रुंदी टेप लावून मोजली, फोटो काढले. आतल्या हवेचं कुणी विचारलं नाही. अनुदानाच्या यादीत आर्द्रता मीटर घ्या. दरवर्षी मार्चमध्ये तो तालुका कृषी कार्यालयात तपासून मिळावा. त्याला एक डबा आणि वाटीभर मीठ पुरतं. येत्या एप्रिलात चाळी भरण्याआधी आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक कांदा उत्पादक शेतकरी
ता. निफाड, जि. नाशिक