तुमच्या काफची गोष्ट

ताई,

हे पत्र असं उघड्यावर लिहायला तुम्हीच भाग पाडलंत. खासगीत आभार मानले की तुमचं तारूफ, म्हणजे ते इराणी संकोचाचे शिष्टाचार, सुरू होतं. "छे, मी काय केलं, सगळं तुझंच." पुण्यात शिकायला येऊन इतकी वर्षं राहिलात, पेठेतल्या घरमालकिणीचे टोमणे पचवलेत, तरी ही इराणी सवय काही गेली नाही. चारचौघांत सांगितलं म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

आमच्या देवनागरी फाँटला जोडीदार हवा होता. पोस्टरवर, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर शोभेल असा जाडजूड, आजच्या वळणाचा, फारसी आणि अरबी दोन्ही लिहिणारा. अरबीची अक्षरं 28, फारसीची पे, चे, झे आणि गाफ धरून 32. जोडाक्षरांच्या रानातून आलेल्या मला ते दोन महिन्यांचं काम वाटलं. पहिला नमुना तुम्हाला तेहरानला पाठवला तो खरं तर शाबासकीसाठीच. तुमचं उत्तर मराठीत आलं, एका ओळीचं: "शिरोरेषा उचलून खाली ठेवलीस की रे."

तसंच झालं होतं. अक्षरं जोडणारी ती आडवी रेघ मी पट्टीने मारल्यासारखी सरळ, एका जाडीची काढली होती आणि त्या दांडीवर बाकीचं सगळं कपड्यांसारखं वाळत घातलं होतं. फक्त उलटं. तुमच्याकडे ती रेघ दांडी नसते. एका अक्षरातून दुसऱ्यात जाताना कलम जे चालतं, तेच ती असते. म्हणून कुठे ती किंचित खाली झुकते, कुठे जाड होते आणि रे किंवा दालपाशी तुटते, कारण ती अक्षरं पुढच्याला हात देत नाहीत.

हे मला स्क्रीनवर कळलं नसतं. तुम्ही दिझफूलचा बोरू पाठवलात (कस्टमवाल्यांनी त्याला काय समजून पंधरा दिवस ठेवून घेतला ते अजून कळलेलं नाही) आणि सांगितलंत की महिनाभर कॉम्प्युटर बंद, नुसते नुक्ते काढ. कलम कागदावर टेकवून जरा ओढलं की चौकोनी टिंब उमटतं, आणि त्याच टिंबाने अलिफची उंची मोजायची, नूनचं पोट मोजायचं. ही मापं बसवून दिली इब्न मुक़ला यांनी. ते बगदादचे वजीर होते, 940 मध्ये गेले. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं माप माझ्या पोस्टरच्या फाँटला कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. पुढच्या आठवड्यात माझा नून आपोआप सुधारला.

मग तुम्ही "नेशस्तन" लिहायला लावलंत. अर्थ साधा, बसणे. लिहायचं तर रेघेवर उभे राहणारे छोटे दात मोजायचे: नूनचा एक दात, शीनचे तीन, सीनचे तीन, तेचा एक. शेवटच्या नूनआधी आठ दात ओळीने, आणि डोक्यावर सात टिंबं. बारीक अक्षरात ते गोड दिसतं. माझ्या जाड वजनात ते फणी दिसत होतं, तीही उवांची. दोन रात्री मी दातांमधली जागा कमी-जास्त करत बसलो. तुम्ही सुचवलंत ते नस्तालीक या फारसी वळणात लिहिणारे केव्हाचे करत आलेत: शीन आणि सीन शेजारी शेजारी आले तर एकाचे दात काढून टाकायचे आणि त्याला नुसती लांब, सपाट रेघ करायची. आता शीननंतर सीन आला की फाँट आपणहून बिनदाती सीन निवडतो. त्या बदलाचा कोड चार ओळींचा आहे. त्या चार ओळी तुमच्या आहेत.

पण खरी लाज वाटते ती काफची.

काफ म्हणजे तुमचा क. मी अरबी काफ काढला होता, सरळ उभा, पोटात छोटी खूण असलेला, आणि तोच फारसीच्या जागी चिकटवून दिला होता. ये या अक्षराचंही तेच, शब्दाच्या शेवटी खाली दोन टिंबं ठेवून. आकडेसुद्धा अरबी, 4, 5 आणि 6 फारसीत वेगळे असतात हे माहीत असून. युनिकोडमध्ये दोन्ही काफ, दोन्ही ये वेगवेगळे आहेत, म्हणजे न कळण्याची सबबही नव्हती. तुम्ही बोट ठेवलंत तेव्हा मी म्हणालो, "वाचणाऱ्याला कळतं ना? मग झालं."

फोनवर तुम्ही जरा वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "तुझा तो ल आठवतो का?"

आठवतो. डेक्कनला चहा पिताना मी तुम्हाला अर्धा तास ऐकवलं होतं, की मराठीचा ल आणि श वेगळे असतात, दुकानांच्या पाट्यांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे हिंदीचेच खपवतात, आणि तक्रार केली की म्हणतात, वाचता येतं ना? मग झालं. तुम्ही तेव्हा नुकतीच बाराखडी शिकला होतात. रुमालावर दोन्ही ल काढून घेतले होतेत माझ्याकडून.

त्या रात्री फारसीचा काफ नव्याने काढायला घेतला. ये, आकडे, सगळं. दोन महिन्यांच्या कामाला चौदा महिने लागले आणि त्यातले निदान दहा तुमचे आहेत.

तुमच्याकडे आभार मानताना म्हणतात, दस्त-ए शोमा दर्द नकोने. तुमचा हात न दुखो. माझे नमुने लाल शाईने तपासून तो दुखलाच असणार, तरी म्हणतो. यावर "तुझं डोकं न दुखो" असं उत्तर द्यायची रीत आहे, ते मात्र पाठवू नका. त्याला उशीर झाला.

तुमचा,
पुण्यातला विद्यार्थी

ता. क. गाफच्या डोक्यावरच्या दोन तिरक्या रेघा सर्वांत जाड वजनात अजून एकमेकींना चिकटतात. त्या रेघेला तुम्ही सरकश म्हणता आणि बंडखोरालाही सरकश, ते उगाच नाही. वरची आखूड करून पाहिली आहे. नमुना पाठवतोय, सवडीने बघा.