शनिवारचा सिनेमा : 'अगं बाई अरेच्चा!'

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी ठीक ७ वाजता, जुळे सोलापुरातल्या आपल्या नेहमीच्या गच्चीवर 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) दाखवणार आहोत. दिग्दर्शक केदार शिंदे. देवीच्या कृपेने संजय नार्वेकरला बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं, एवढीच काय ती जादू. बाकी सगळं आपल्याच घरातलं. प्रेमाच्या गमतीत जादूची चिमूट इतकी बेताची पडलेला मराठी सिनेमा माझ्या तरी पाहण्यात दुसरा नाही. शाहीर साबळ्यांच्या आवाजातली 'मल्हारवारी' लागेल तेव्हा कुणीही खाली चहाला जायचं नाही, ही विनंती नाही, नियम आहे!

- खुर्च्या फक्त ज्येष्ठांसाठी. बाकीच्यांनी बसायला आपापली चादर आणावी. सोलापुरात राहून चादर नाही म्हणू नये.
- शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मंडळातर्फे. दही ज्याचं त्याने.
- त्या दिवशी ज्यांच्याकडे नळाला पाणी येणार आहे त्यांनी भरून मगच यावं. मागच्या वेळी निम्मी गच्ची मध्यंतरात रिकामी झाली होती.
- मोबाईल बंद. पुढचे संवाद आधी बोलून दाखवू नयेत, पाठ असले तरी.

येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत माणसं किती ते कळवावं, भाकरी त्या हिशोबाने सांगायची आहे.

– चिटणीस