'नॉनप्लस्ड'चा तिढा

मंगळवार पेठ, कोल्हापूर

मित्रा,

सादरीकरणानंतर क्लायंट 'नॉनप्लस्ड' होता, असं तुझ्या अमेरिकी साहेबानं ईमेलमध्ये लिहिलं आणि तो गोंधळून गप्प झाला असं समजून तू रात्रभर घोर लावून घेतलास. सकाळी कळलं की क्लायंट निवांत होता, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

तुझं इंग्रजी कच्चं नाही रे. तू धरलास तोच मूळ अर्थ. लॅटिनमध्ये 'नॉन प्लुस' म्हणजे 'याहून अधिक नाही'. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तो नाम म्हणून. पुढं बोलायला काही उरलं नाही, करायलाही नाही, अशी अवस्था म्हणजे 'नॉनप्लस'. क्रियापद नंतरचं. खासबागेतल्या कुस्त्या आठव. वरच्यानं कब्जा पक्का घेतलाय, खालच्याची पाठ अजून लागलेली नाही, पण त्याच्याकडचे डाव संपलेत. अगदी तेच.

इंग्रजीत गोंधळाला शब्द कमी नाहीत. 'कन्फ्यूज'च्या मुळाशी एकत्र ओतणं आहे, 'पर्प्लेक्स'च्या मुळाशी गुंफण, आणि 'बिविल्डर'मध्ये रानात वाट चुकणं. या तिन्हींत समोर बरंच काही असतं, फक्त उलगडत नाही. 'नॉनप्लस्ड' माणसापुढं काहीच नसतं. आपला 'किंकर्तव्यमूढ' जवळ येतो, पण त्याला निदान 'काय करू' हा प्रश्न तरी पडलेला असतो. मला आपल्या गल्लीतलं 'काय सुचंना' जास्त नेमकं वाटतं.

मग 'निवांत' हा उलटा अर्थ आला कुठून? 'नॉन' दिसला की नकार वाटतो, त्यात 'नॉनशलंट' म्हणजे बेफिकीर, असा शब्द कानात बसलेला. म्हणजे 'प्लस्ड' असेल विचलित झालेला, आणि हा न झालेला! तसा 'प्लस्ड' इंग्रजीत नाहीच. तरी विसाव्या शतकात अमेरिकेत हा अर्थ रुजला, आणि मेरियम-वेबस्टरच्या कोशातही तो मुख्यतः अमेरिकी वापर म्हणून नोंदलेला आहे. त्यामुळं साहेबाला चूक म्हणता येत नाही.

मला मात्र मनापासून वाईट वाटतं. निवांतपणाला इंग्रजीत शब्दांची काय कमी? बोलणंच खुंटतं त्या जागेसाठी इतका नेमका शब्द होता, तो आता ऐकणाऱ्याला दोन्हीकडं ओढतो.

तू लिहिताना हा शब्द टाळ. समोरच्यानं लिहिला तर आधी त्याला विचार, मग झोप घालव. आणि ती ईमेल मला जशीच्या तशी पाठव, आधीचं-नंतरचं वाक्य मला बघायचंय.

तुझाच