प्लिंथ, मॅट आणि तुमचा हट्ट

आदरणीय काका,

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून पत्र उघड असलं तरी तुम्ही इथे फक्त ‘काका’. आभार मानले की तुम्ही विषय बदलता. लेखी आभारांपुढे तुमचा इलाज चालणार नाही.

गॅरार्ड ३०१ या टर्नटेबलसाठी, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रासाठी, कोणता प्लिंथ (खालची बैठक) चांगला, एवढंच मी विचारलं होतं. उत्तराऐवजी तुम्ही तीन प्लिंथ आणि फिरत्या थाळीवर रेकॉर्डखाली घालायच्या मॅटचा एक गठ्ठा पाठवलात. सोबत अट घातलीत: आधी यंत्र ठीक कर, मग तुलना कर. थाळीचं बेअरिंग उघडून धुतलं, नवं तेल घातलं, मोटर ज्या स्प्रिंगांवर लटकते त्या बदलल्या, मोटरची गती थाळीला देणाऱ्या आयडलरच्या रबरी चाकाची कड साफ केली. (ग्रीजचं बेअरिंग बरं की तेलाचं, हा वाद तुम्ही सुरूच होऊ दिला नाहीत. त्याचे वेगळे आभार.) या दुरुस्तीने घरघर जेवढी उतरली तेवढी पुढे कुठल्याच प्लिंथने उतरवली नाही. तुमची अट नसती तर त्याचं श्रेय मी बिनदिक्कत एखाद्या लाकडाला दिलं असतं.

आयडलरच्या यंत्रात मोटरची थरथर रबरी चाकातून थेट थाळीच्या कडेला लागते, शिवाय यंत्राच्या सांगाड्यातून प्लिंथमध्ये उतरून सुई धरणाऱ्या टोनआर्मच्या बुडाशी पोचते. तुमचं म्हणणं असं, की सगळंच एकत्र हललं तर सुईला त्याचा पत्ताही लागत नाही. रेकॉर्ड एकीकडे आणि आर्म दुसरीकडे हलला, तरच त्याचा आवाज होतो. एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या एडगर विल्चर यांनी १९६१ च्या टर्नटेबलमध्ये थाळी आणि आर्म एकाच स्प्रिंगवरच्या चौकटीवर का बसवले, ते मला यातून पहिल्यांदा नीट कळलं. पण तिथे मोटर त्या चौकटीबाहेर असते आणि मध्ये फक्त पट्टा. आयडलरला ती सोय नाही, म्हणून तिथे प्लिंथवर सगळा भार येतो.

पोकळ पेटीच्या प्लिंथवर खालचे सूर भरघोस वाटले, पण ते फुगलेले होते. डबलबेसचे सगळे स्वर सारख्याच जाडीचे. स्लेटच्या दगडी प्लिंथवर तेच स्वर सुटे झाले, दोन स्वरांमधली जागा काळीकुट्ट, मात्र वरचा भाग मला जरा कोरडा वाटला. बर्चच्या प्लायचे थर चिकटवून केलेला प्लिंथ या दोघांच्या मधला. तबल्याच्या बायाँची घुमार त्यावर खरी वाटते. मी त्यावरच थांबलो. स्लेटपेक्षा तो ‘श्रेष्ठ’ आहे असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही लगेच विचाराल, “कशावरून?”

त्या ‘कशावरून’साठीच तुम्ही आवाज न मुद्रित केलेल्या कोऱ्या खाचेची रेकॉर्डिंग करायला लावलीत. ५० हर्ट्झच्या विजेवर ही चार ध्रुवांची मोटर मिनिटाला जेमतेम १५०० फेऱ्यांच्या आत फिरते, म्हणजे तिची थरथर २५ हर्ट्झच्या आसपास दिसायला हवी. आलेखावर तो उंचवटा नेमका तिथेच होता. पेटीवर ठसठशीत, स्लेटवर खुजा, प्लायवर त्याहून थोडा वर. मॅट बदलल्याने तो जवळजवळ हललाच नाही.

मग मॅट बदलल्यावर आवाज बदलतो तो कशाने? तुमच्याकडून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट ती ही. मॅट तीन मिलिमीटरने जाड झाली की रेकॉर्ड तेवढी वर येते आणि २३० मिलिमीटरच्या आर्मचा कोन सुमारे पाऊण अंशाने बदलतो. दर वेळी आर्मची उंची पुन्हा लावायची आणि सुईचा भार पुन्हा मोजायचा, हा तुमचा हट्ट मला आधी किचकट वाटला होता. तो पाळल्यावर रबर आणि कॉर्कमधला माझा ‘आकाशपाताळाचा’ फरक पार आटला. उरला तो एवढाच: रबरावर झांजा किंचित दबतात. फेल्ट ऐकायला वाईट नाही, पण कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे रेकॉर्डला चिकटून वर येते आणि ऐकण्याचा मूड घालवते. तांब्याच्या मॅटने पियानोच्या आघाताला धार आली, पण तासाभराने ती टोचायला लागली. वजन वाढलं म्हणून तुम्ही वेग तपासायला सांगितलात, तेव्हा स्ट्रोबच्या, म्हणजे वेग बरोबर असला की स्थिर दिसणाऱ्या, १८० रेघा मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर जागच्या जागी उभ्या होत्या. या मोटरला तेवढा भार काहीच नाही. चामड्याची मॅट मात्र मला कानाआड करता आली नाही. तानपुऱ्याची लांब आस तिच्यावर शेवटपर्यंत ऐकू येते.

तुमच्या थोरेन्स टीडी १२४ या टर्नटेबलचा किस्सा ऐकला नसता तर मी हे निष्कर्ष सगळ्या यंत्रांना लावत सुटलो असतो. तिची थाळी लोखंडाची. सुई बसवलेल्या मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजमधलं चुंबक तिच्याकडे ओढलं जातं आणि पातळ मॅटवर सुईचा भार नकळत वाढतो. तिथे मॅटची जाडी हा निव्वळ आवडीचा प्रश्न राहत नाही. गॅरार्डची थाळी ॲल्युमिनियमची, तिला ही भानगड नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. कुठली मॅट लावली आहे हे मला न दाखवता तुम्ही ऐकवलंत, आणि मी चुकीची नावं सांगितली तेव्हा हसला नाहीत. नुसतं “पुन्हा ऐक” म्हणालात.

पेटी आणि स्लेट दोन्ही बांधून ठेवले आहेत. स्लेट उचलायला दोघं तरी लागतील, तेव्हा न्यायला एकटे येऊ नका. तांब्याची मॅटही घेऊन जा. चामड्याच्या मॅटबद्दल आपण नंतर बोलू.

तुमचा,
तीन प्लिंथांचा तात्पुरता मालक